शिडी दुसऱ्याला द्या, खुर्ची अंगणात घ्या

नवतपा सुरू झाला, की आमच्या वर्धा जिल्ह्यात दवाखान्याच्या बाकावर दोन प्रकारची माणसे हमखास दिसू लागतात. पहिली उन्हाचा तडाखा बसलेली. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. दुसरी छपरावरून, शिडीवरून किंवा पालथ्या घातलेल्या पिंपावरून पडलेली. मृगाचा पाऊस तोंडावर आलेला असतो, कवेलू फेरायचे राहून गेलेले असतात आणि घरातील सर्वांत वडील माणसालाच त्याची सर्वांत अधिक काळजी असते. या दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांविषयी आज लिहितो आहे.

काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात देवळी तालुक्यातील एका निवृत्त गुरुजींना त्यांची सून आणि शेजारी माझ्याकडे घेऊन आले. वय ७३. रक्तदाबाची गोळी नियमित, वर्षभरापासून प्रोस्टेटची गोळीही. कवेलू फेरणारा माणूस दोन दिवस ‘उद्या येतो’ म्हणत होता. मुलगा नागपुरास नोकरीला. ओसरीवरच्या छपराचे कडेचे दोन कवेलू वानरांनी सरकवलेले दिसत होते आणि त्याखालच्या वाशाचे टोक काळे पडले होते. गुरुजींनी भर दुपारी शिडी लावली, चार पायऱ्या चढले, मान मागे टाकून वाशाकडे पाहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. जेमतेम पाच फुटांवरून ते खाली आले. उजवा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले होते. खुब्याचे हाड मोडले आहे, हे सांगण्यास क्ष-किरणांची गरज नव्हती.

सून रडत म्हणाली, “बाबा म्हणाले, दोनच कवेलू तर सरकवायचे आहेत.” गुरुजी मात्र माझ्याकडे पाहून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, घर माझ्या वडिलांनी बांधलेलं आहे. वासा कुजताना बघत कसा बसू?”

या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी माझ्यापाशी नव्हते. मी वेदनाशामक इंजेक्शन दिले, पायाला आधार बांधला आणि त्यांना पुढे मोठ्या रुग्णालयात पाठविले. पुढे अनेकदा विचार करताना जाणवले, की गुरुजींची काळजी मुळीच चुकीची नव्हती. चुकीची होती ती शिडी.

छपराचा जो भाग भिंतीच्या बाहेर पुढे येतो, त्याला आपण वळचण म्हणतो. वाशांची टोके तिथे उघडी असतात. जुन्या वाड्यांत या टोकांवर एक उभी फळी ठोकलेली असते, कधी साधी, कधी नक्षीदार झालरीची. परदेशी गेलेल्या मुलांच्या घरी आपण गेला असाल, तर तेथे या उभ्या फळीस फॅशिया आणि वळचणीच्या खालच्या आडव्या आच्छादनास सॉफिट म्हणतात, हे ऐकले असेल. नावे निराळी, काम तेच: वाशांची टोके पावसापासून झाकणे, आत पाखरे व उंदीर शिरू न देणे आणि तरीही छपराखालची हवा खेळती ठेवणे. सिमेंटच्या घरात हेच काम छज्जा आणि स्लॅबची पुढे आलेली कड करते.

एका आरोग्यविषयक पाक्षिकात हा सुताराचा विषय कशासाठी, असे आपणास वाटेल. क्षणभर आपल्याच घराकडे पाहा. आजीची किंवा आजोबांची खाट कोठे आहे? बहुतेक घरांत ती ओसरीत नाही तर बाहेरच्या खोलीत, खिडकीलगत असते. वारा लागतो, येणारे-जाणारे दिसतात, मोरी जवळ पडते. म्हणजे घरातील सर्वांत अशक्त माणूस छपराच्या कडेच्या सर्वांत जवळ झोपतो. कड बिघडली, की तिचा पहिला त्रास त्यालाच होतो. खोकला वाढला म्हणून औषध बदलण्यापूर्वी मी अलीकडे एक प्रश्न विचारतो, ‘खाटेमागची भिंत ओली असते का?’ होकार पुष्कळदा मिळतो.

चांगली वळचण काय करू शकते, हे पाहावयाचे असेल तर आपल्या जिल्ह्यात फार दूर जावे लागत नाही. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगावात राहावयास आले. त्यांचे वय तेव्हा ६६ होते आणि त्याच वर्षाच्या आरंभी रक्तदाबामुळे त्यांना सक्तीची विश्रांती घ्यावी लागली होती. वय आणि दुखणे पाहता ते अगदी माझ्या दवाखान्यातले रुग्ण शोभतात. त्यांच्यासाठी उभारलेले आदिनिवास आणि पुढे बापूकुटी म्हणून प्रसिद्ध झालेली मीराबहेनांची झोपडी या दोन्ही वास्तू माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांच्या आहेत. १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. कुट्या आजही उभ्या आहेत. तेथे गेल्यावर चरखा आणि बैठक पाहून झाली, की एकदा बाहेर येऊन छपराची कड पाहा. उतरते छप्पर भिंतीच्या बरेच पुढे आले आहे. मातीच्या भिंतीवर पावसाचा थेट मारा होत नाही. माती टिकते ती त्या कडेमुळे आणि दरवर्षीच्या निगेमुळे.

उन्हाचेही तसेच. मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे नेमके नवतप्यात, वर्ध्यास मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. त्या वेळी दोन-अडीच फुटांची वळचण दक्षिणेची व उत्तरेची भिंत पूर्ण सावलीत ठेवते. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीही तिरपा असतो आणि वळचणीखालून ओसरीत ऊन येऊ देतो. पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या आपल्या भागात म्हाताऱ्या माणसाच्या खोलीची भिंत दुपारी तापली नाही, तर रात्री तिच्या झळा लागत नाहीत. त्यामुळे ‘जागा वाया जाते’ म्हणून वळचण कापून पत्र्याची भिंतीलगत सपाट कड करणारे लोक पाहिले, की मला हळहळ वाटते.

बापूकुटीतील आणखी एक वस्तू पाहून घ्यावी. साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि पकडलेला साप दूर नेऊन सोडण्याची पेटी तेथे जपून ठेवली आहे. कवेलूच्या घरात साप येतात, ते मारायचे नाहीत आणि त्यांच्याबरोबर झोपायचेही नाही, यातून काढलेली ती वाट होती. आणि निसर्ग कोणालाही सवलत देत नाही: त्याच १९३६ च्या पावसाळ्यात गांधीजींना मलेरिया झाला आणि त्यांना वर्ध्याच्या रुग्णालयात ठेवावे लागले होते.

आता पाण्याचा हिशेब पाहू. छपराची एक उतरती बाजू २० चौरस मीटर धरा. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या बाजूवरून १,००० लिटर पाणी खाली येते. पाच पिंपे भरतील एवढे. हे सारे पाणी एका कडेवरून जाते. कडेचा कवेलू पुढे आलेला आणि शाबूत असेल, तर पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. तो सरकला, फुटला किंवा मागे गेला, तर पाणी वाशाच्या टोकावर पडते. लाकडाचा आडवा कापलेला भाग पाणी सर्वांत लवकर शोषतो. म्हणून वासा टोकाकडून कुजत जातो, मग वाळवी लागते. तेथून पाणी भिंतीत, भिंतीतून खाटेमागच्या गिलाव्यात. काळी बुरशी धरते. दमा अथवा जुना श्वासविकार असलेल्या माणसाला ती खोली पावसाळाभर सोसत नाही.

पागोळ्या कोठे पडतात, हेही महत्त्वाचे. त्या उंबऱ्यासमोरच्या पायरीवर पडत असतील, तर श्रावणापर्यंत तेथे शेवाळ धरलेच म्हणून समजा. छपरावरून पडणारे वर्षातून एकदा माझ्याकडे येतात. शेवाळावरून घसरलेल्या आज्या पावसाळाभर येत राहतात, पहाटे मोरीकडे जाताना पडलेल्या. पन्हळ बसवून पाणी बाजूला काढले, तर हा प्रश्न सुटतो. पण पन्हळीस उतार हवा. उतार नसलेल्या, कडुनिंबाच्या पानांनी तुंबलेल्या पन्हळीत पाणी साठते आणि डेंगीचा डास आठवडा-दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण वाढतो. त्याची अंडी कोरड्या जागीही महिनोन् महिने टिकतात. त्यामुळे उन्हाळ्यात कोरडी दिसणारी पन्हळही घासूनच काढावी लागते.

वळचणीतल्या इतर रहिवाशांविषयीही सांगितले पाहिजे. कवेलूंच्या फटीत धान्याच्या आशेने उंदीर राहतात आणि उंदरांमागे साप येतात. मण्यार रात्री फिरते. तिच्या दंशाची वेदना फारशी होत नाही, सूजही नसते. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या मिटू लागतात, बोलणे जड होते. अशा वेळी ‘म्हातारपणाचा अशक्तपणा’ समजून थांबू नये. प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात तात्काळ न्यावे. खाट भिंतीपासून हातभर दूर घ्यावी आणि मच्छरदाणी गादीखाली खोचावी. एवढ्याने डास आणि मण्यार दोन्हींपासून बचाव होतो. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध गुणकारी ठरते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात जगापुढे मांडले. त्यामुळे विंचू चावल्यावर घाम, थंड हातपाय, धाप अशी लक्षणे दिसली, तर घरगुती लेपात वेळ घालवू नका.

आग्या मोहोळ छज्ज्याखाली बसले असेल, तर धूर करण्याचा उद्योग घरच्यांनी करू नये. जाणकार माणूस बोलवावा आणि त्या वेळी वृद्धांना घरात, दारे-खिडक्या बंद करून बसवावे. त्यांना वेगाने पळता येत नाही, हे आपण विसरतो. कबुतरांची विष्ठा वर्षानुवर्षे श्वासातून जात राहिली, तर काही जणांच्या फुप्फुसांस कायमची इजा होते. ती कोरडी झाडू नये. पाणी शिंपडून, तोंडावर मास्क बांधून काढावी, आणि हे काम दमेकऱ्याने तर करूच नये. वळचणीच्या मोकळ्या फटींना पाव इंची लोखंडी जाळी लावली, की उंदीर, कबुतरे आणि वटवाघळे बाहेर राहतात आणि हवा खेळती राहते. हल्ली वळचण खालून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी पूर्ण बंद करण्याची पद्धत आली आहे. दिसायला ती नीटनेटकी. पण जाळीची झरोके न ठेवता बंद केली, तर आत ओल कोंडते, वासे नजरेआड कुजतात आणि उंदरांस एकांत मिळतो.

स्लॅबच्या घरांत राहणाऱ्यांनी निश्चिंत होऊ नये. छज्ज्याच्या खालच्या बाजूस, कडेलगत बोटाएवढी लांबट खाच असावी लागते. तिच्यामुळे पाणी कडेलाच थेंब होऊन गळते, मागे भिंतीकडे सरकत नाही. पुष्कळ घरांत ही खाच केलेलीच नसते किंवा रंग-गिलाव्याने बुजलेली असते. मग छज्ज्याखाली काळे डाग, पोपडे, आतली सळी गंजून फुगलेली आणि एक दिवस प्लॅस्टरचा ढेपा खाली. त्या छज्ज्याखालीच सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसणारे कोण असते, हे सांगावयास नको. फुगीर भाग दिसला तर खुर्ची त्याच दिवशी हलवा. गवंडी नंतर येईल. सिमेंटचे जुने पत्रे असतील, तर त्यांत अॅस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. ते घरच्या घरी कापू, घासू वा भोके पाडू नयेत.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळतो. वासा कुजताना बघत कसे बसावे? माझे आजचे उत्तर असे, की बघतच बसावे, पण नीट बघावे. एप्रिलमध्ये एका सकाळी सात-साडेसातला अंगणात खुर्ची घ्या, भिंतीपासून दहा-बारा पावले दूर. जवळून पाहिल्यास मान मागे टाकावी लागते आणि वृद्धांस भोवळ येते ती बहुधा त्याच क्षणी. दुरून पाहिल्यास मान सरळ राहते. छपराची कड एका रेषेत आहे का? मध्ये झोल आला असेल, तर त्याखालचा वासा खचला आहे. वाशांची टोके राखाडी आहेत की काळी? भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढल्या असतील, तर ती वाळवी. झालरीच्या फळीवरील रंग कोठे सुटला? पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा तेथेच, ओसरीच्या आतून, पागोळ्यांच्या रांगेत कोठे खंड पडतो आणि कोठे धार लागते, ते पाहा. दिसेल ते वहीत लिहा. नातवाला मोबाइलवर छायाचित्र काढावयास सांगा आणि ते मोठे करून पाहा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांना हे काम छान जमते, असा माझा अनुभव आहे.

काळजीवाहूंना माझी विनंती आहे, की ही वही गंभीरपणे घ्या. ‘बाबा, तुम्ही कशाला डोके शिणवता,’ असे म्हटले, की बाबा दुपारी सगळे निजल्यावर शिडी लावतात. कवेलू फेरणाऱ्यास चैत्रातच सांगून ठेवा. मे संपताना तो कोणालाच मिळत नाही. काम पहाटे ते नऊपर्यंत करवून घ्या. शिडी चार फूट उंचीमागे एक फूट, या हिशेबाने भिंतीपासून दूर टेकवावी, खाली धरणारा माणूस असावा. विजेची तार पुष्कळ घरांत वळचणीलगतच येते. म्हणून लोखंडी शिडी नको, आणि तारेजवळ काम असेल तर वीजपुरवठा आधी बंद करवून घ्यावा. वाशाचे टोक कुजले म्हणून सबंध वासा बदलावा लागतोच असे नाही. चांगला सुतार कुजका भाग कापून जोड देतो. वाळवीचे औषध किंवा तैलरंग लावावयाचा असल्यास खोकल्याच्या रुग्णाची खाट चार दिवस आतल्या खोलीत न्या.

साठी ओलांडलेल्या कोणीही शिडीवर चढू नये, असे मी सरसकट सांगतो. ‘मी अजून धडधाकट आहे’ हे उत्तर मला रोज मिळते. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांनी उभे राहताना दाब एकाएकी उतरू शकतो. धडधाकटपणाचा तेथे उपयोग होत नाही.

आणि तरीही कोणी पडलेच, तर त्याला हाताला धरून चालवून पाहू नका. खुब्यात वेदना असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर पाय हलू न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. अशा अस्थिभंगाची शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांत व्हावी. ‘पाहू दोन दिवस’ यात निमोनिया आणि शय्याव्रण येतात. डोक्यास मार लागला असून माणूस रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेत असेल, तर तो हसत-बोलत असला तरी त्याच दिवशी तपासणी करा. कवटीखालचा रक्तस्राव कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी उघड होतो: डोकेदुखी, सुस्ती, बोलण्यात विसंगती, चालताना तोल. त्या वेळी आधीचे पडणे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

गुरुजींची शस्त्रक्रिया झाली. तीन महिन्यांनी ते वॉकर घेऊन आणि पुढच्या होळीला काठी घेऊन चालू लागले. त्यांच्या वहीची पहिली नोंद त्या एप्रिलची आहे: ‘पूर्वेकडून चौथा वासा, टोक काळे. पायरीवर पागोळी पडते, पन्हळ हवी.’ मुलगा दोन दिवसांची रजा काढून आला, सुतार बोलावला, पन्हळ बसली. गेल्या खेपेस रक्तदाब तपासावयास आले तेव्हा गुरुजींनी तक्रार केली, की सुताराने जोड तिरपा न देता सरळ दिला आहे आणि आपण ते खालूनच ओळखले. सुतारास तो जोड पुन्हा करावा लागला.